माशी, मासा आणि नव्या वर्षाची यादी

जानेवारी उजाडला की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारची गर्दी वाढते. एक सर्दी-खोकल्याची आणि दुसरी संकल्पांची. 'डॉक्टर, एक तारखेपासून रोज पाच किलोमीटर चालतोय,' असे सांगणारी मंडळी संक्रांतीपर्यंत जोरात असतात. तिळगूळ खाऊन झाला की पाय थंडावतात आणि शिवरात्रीपर्यंत चालण्याचे बूट माळ्यावर जातात. दर वर्षी या सदरात मी संकल्पांवर लिहितो आणि दर वर्षी तेच तेच लिहितो, हे एका चाणाक्ष वाचकाने पत्र पाठवून माझ्या लक्षात आणून दिले. तेव्हा यंदा वाट जरा वेगळी धरली आहे. विषय आहे मासेमारी. तीही पोटासाठीची किंवा बाजारासाठीची नव्हे, तर गळाला पिसांची खोटी माशी बांधून केलेली हौसेची मासेमारी. इंग्रजीत तिला फ्लाय फिशिंग म्हणतात. शाकाहारी वाचकांनी पान उलटू नये. या खेळात मासा बहुधा पुन्हा पाण्यातच सोडला जातो.

माझा एक वर्गमित्र गेली अडतीस वर्षे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो. भूलतज्ज्ञ होता, आता निवृत्त आहे. मूळचा कराडचा. शाळकरी वयात आम्ही दोघे कृष्णा-कोयनेच्या संगमावर बांबूची काठी आणि कणकेची गोळी घेऊन तासन्‌तास बसत असू. मासे त्याला मिळत, मला शेवाळ. 2020 साली त्याला हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, आणि बरा होऊन घरी आल्यावर हा माणूस पार मिटून गेला. झटक्यानंतर अनेकांना असे नैराश्य येते. घरचे लोक त्याला 'अशक्तपणा' समजतात आणि वरणभाताचे प्रमाण वाढवतात. त्याच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी मात्र त्याला गाडीत घातले आणि नदीवर नेऊन हातात काठी दिली. तेव्हापासून दर जानेवारीत तो वर्षाची 'मासेमारीची यादी' हाताने लिहितो आणि तिचा फोटो मला पाठवतो. अशा चार याद्या माझ्याकडे आहेत. आजचा लेख त्या याद्यांवर आहे.

आधी हा खेळ थोडा समजून घेऊ. आपल्याकडे गळ टाकताना दोरीला शिशाचा तुकडा बांधतात. त्याच्या वजनाने दोरी लांब जाते. खोट्या माशीला वजनच नसते. कोंबड्याच्या मानेचे पीस, थोडी लोकर, रेशमाचा धागा, एवढ्यावर ती एका बारीक आकड्याभोवती बांधलेली असते. म्हणून इथे वजन दोरीलाच दिलेले असते, आणि ती जाड दोरी हवेत मागे-पुढे झुलवून पुढे फेकावी लागते. काठी साधारण नऊ फुटांची, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. हात घड्याळाच्या काट्यासारखा एकवर न्यायचा, थांबायचे, मागे दोरी सरळ होऊ द्यायची, मग दहापर्यंत पुढे आणायचा. सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. घाई केली की दोरीचा गुंता होतो, आणि जोर लावला की खांदा दुखतो. ट्राउट नावाचा थंड, वाहत्या पाण्यातला मासा पृष्ठभागावरचे किडे टिपायला वर येतो. त्या क्षणी कोणता किडा उडतो आहे हे ओळखून तशीच माशी त्याच्यापुढे अलगद उतरवायची. विद्या जुनी आहे. आयझॅक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाचे गळाच्या मासेमारीवरचे प्रसिद्ध पुस्तक 1653 साली निघाले, आणि त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने 1676 च्या आवृत्तीत माशीचा भाग जोडला. वॉल्टन 90 वर्षे जगला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर हेही या छंदाचे मोठे शौकीन. ते 100 वर्षांचे होऊन 2024 च्या डिसेंबरात वारले. मासेमारीने आयुष्य वाढते असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. दोन म्हातारे म्हणजे पुरावा नव्हे.

आता पहिली यादी, 2022 सालची. तिच्यात तीनच ओळी होत्या. 'वर्षात शंभर ट्राउट. त्यात एक वीस इंची. दर शनिवारी नदी.' मी कौतुकाने शाबासकी कळवली, ती माझी पहिली चूक. त्या राज्यात ट्राउटचा मुख्य हंगाम एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. त्याच महिन्यात साहेब बर्फाळ पाण्यात शेवाळी दगडावरून घसरून पडले. मे महिन्यात, पेन्स क्रीकवर मोठ्या हिरव्या किड्यांचे थवे निघतात तेव्हा, त्याने सलग पाच तास दोरी झोडपली आणि उजवा खांदा सुजवून घेतला. खांद्याचा सांधा हा शरीरातला सर्वांत मोकळा आणि म्हणूनच सर्वांत बेभरवशाचा सांधा. त्याला धरून ठेवणारे चार लहान स्नायू साठीनंतर झिजलेले असतात. डोक्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला की त्यांचे तंतू उसवतात. चुना लावणारे रंगारी आणि उंच फांद्यांवरचे आंबे काढणारे गडी हीच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. जूनमध्ये काठी कोपऱ्यात गेली. एकूण मासे एकोणीस. वीस इंची एकही नाही.

यात खोट कुठे होती? शंभर मासे हे त्याच्या हातातले काम नव्हते. पाणी गढूळ आहे की निवळ, ऊन आहे की ढग, माशाला भूक आहे की नाही, यांतले काहीही त्याच्या स्वाधीन नाही. 'तीन महिन्यांत दहा किलो वजन उतरवतो' असे म्हणणारा माझा रुग्णही हेच करतो. वजनाचा काटा कुणाच्या हुकमात नसतो. रात्रीच्या जेवणातली तिसरी भाकरी नको म्हणणे मात्र हुकमात असते. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी ध्येय ठरवण्याच्या विषयावर आयुष्य घातले. त्यांचा मोठा ग्रंथ 1990 साली आला. 'जमेल तेवढे करीन' यापेक्षा नेमके आणि थोडे कठीण ध्येय चांगले काम करते, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र काम नवखे आणि गुंतागुंतीचे असेल, तर आकड्याचे ध्येय उलटू शकते. तिथे 'अमुक मिळवीन' ऐवजी 'अमुक शिकेन' असे ठरवावे. मित्र नवखाच होता. पण भूलतज्ज्ञाला आपण नवखे आहोत हे कबूल करणे जड जाते!

दुसऱ्या वर्षीच्या यादीत माशांचा आकडाच नव्हता. आठवड्यातून तीन दिवस, सकाळचा चहा झाला की, घरामागच्या हिरवळीवर पंधरा मिनिटे फेक. आकड्याऐवजी टोकाला लोकरीचा पिवळा तुकडा. दात घासताना एक हात बेसिनवर ठेवून एका पायावर उभे राहणे, मग दुसऱ्या. माशी बांधण्याची एक गाठ, पण डोळे मिटून जमेपर्यंत. डिसेंबरपर्यंत स्वतःच्या हाताने दहा माश्या तयार करणे. नदीवर बारा फेऱ्या, आणि एकट्याने एकही नाही. मला ही यादी एखाद्या चांगल्या औषधाच्या चिठ्ठीसारखी वाटली. औषध कोणते, किती, केव्हा आणि कशाबरोबर, सगळे तिच्यात आहे. चहाला जोडलेली फेक आणि दात घासण्याला जोडलेला तोल यात एक मर्म आहे. 'अमुक झाले की तमुक करीन' असे आधीच ठरवून ठेवले तर काम होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1999 साली मांडले. आणि सवय एकवीस दिवसांत लागते ही जी समजूत आहे, तिला फारसा आधार नाही. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब 254 वर गेला. तेव्हा महाशिवरात्रीला बूट माळ्यावर टाकणाऱ्यांनी घाई केली असे म्हणावे लागेल.

एका पायावर उभे राहण्याबद्दलही सांगतो, कारण ही चाचणी घरी करता येते. ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या 1702 लोकांना दहा सेकंद एका पायावर उभे राहायला सांगितले. ज्यांना ते जमले नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. 2022 साली हा अभ्यास छापून आला. एका पायावर उभे राहिल्याने माणूस अमर होतो असा त्याचा अर्थ नाही. तोल गेलेला असणे ही शरीरात इतरही काही बिघडत असल्याची खूण असू शकते. करून पाहायचे तर भिंतीजवळ, आणि घरात कोणी असताना.

ते वर्ष फार चांगले गेले. मासे किती मिळाले हे त्याने मला सांगितलेसुद्धा नाही. वहिनी फोनवर म्हणाल्या, 'भावजी, हे आता रात्री झोपतात.' मला तेवढे पुरले.

2024 ची यादी आली तीही तशीच उत्साही होती. पण खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. 'पाय हल्ली कापसावर पडल्यासारखे वाटतात.' माझ्या मित्राला बावीस वर्षांचा मधुमेह आहे. ज्यांच्या घरी जुना मधुमेह आहे त्यांना ही कापसाची भाषा ओळखीची असेल. साखरेने पायाच्या मज्जातंतूंची धार बोथट होते. बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवल्यासारखा वर सरकतो. त्याच्या डॉक्टरांनी तळव्याला नायलॉनचा जाडसर तंतू टेकवून चाचणी केली. दहा ग्रॅम दाब पडला की हा तंतू वाकतो, आणि निरोगी पायाला तो कळायला हवा. मित्राला दहांपैकी सहा ठिकाणी कळला नाही. तो मला म्हणाला, 'अरे, हा तर माझा गळाचाच दोरा! रोज बोटांनी बांधतो तो, आणि पायाला कळत नाही.' आयुष्यभर दुसऱ्यांची संवेदना घालवण्याचे काम केलेल्या माणसाची स्वतःची संवेदना न विचारता गेली होती.

मी फोनवर सरळ सांगितले, 'पाण्यात उतरणे आजपासून बंद.' माझे म्हणणे चूक नव्हते. ट्राउटच्या नदीत छातीपर्यंतचा रबरी पायघोळ चढवून, गोलगोट्यांवर पाय रोवून, गार पाण्यात तासन्‌तास उभे राहायचे असते. बधिर पायाला खालचा दगड कळत नाही, तोल जातो. पायघोळात पाणी शिरले तर उठणे अवघड होते. म्हणून कंबरेला घट्ट पट्टा बांधतात. बुटात खडा गेला तर कळणार नाही. पण मी हे काही समजावून सांगितले नाही. 'बंद' एवढेच म्हणालो. तो चिडला. 'मग काय टीव्हीसमोर बसून मरू?' म्हणाला आणि फोन ठेवला. दोन महिने बोलणे नाही.

एप्रिलअखेरीस वहिनींचा फोन आला. तो नदीवर गेला होता. चार तास बुटात एक वाटाण्याएवढा खडा घेऊन उभा होता. त्याला कळले नाही. रात्री मोज्यावर रक्त दिसले ते वहिनींना. तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी जखम झाली होती. सहा आठवडे तो पाय टेकवायचा नाही असा हुकूम झाला. जखम भरली. बोट वाचले. माझा सल्ला बरोबर ठरला म्हणून मला जराही बरे वाटले नाही. तीस वर्षे मी लोकांना 'बंद करा' सांगत आलो आहे. मीठ बंद, तंबाखू बंद, शेतात अनवाणी जाणे बंद. त्यातले बरेच सांगणे आवश्यकच असते. पण ज्या गोष्टीवर माणूस उभा आहे ती काढून घेताना तिच्या जागी काय ठेवायचे, याचा विचार मी क्वचितच केला. सहा आठवडे खुर्चीत बसून त्याने एकशे चाळीस माश्या बांधल्या. त्या बांधताना त्याची बोटे चालत होती आणि डोकेही.

अमेरिकेतल्या वैद्यकीय मंडळींनी या खेळाचा उपयोग वेगळ्या रीतीने केला आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचा त्या बाजूचा हात आखडतो, कधी सुजतो. दोरी हळुवार फेकण्याची हालचाल त्या हाताला मानवते, हे ध्यानात घेऊन 1996 साली व्हरमाँट राज्यात 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' ही संस्था सुरू झाली. थोड्या स्त्रियांना नदीकाठी अडीच दिवस एकत्र राहायला नेतात, फेक शिकवतात, डॉक्टर आणि समुपदेशक सोबत असतात, आणि खर्च त्यांच्यावर पडत नाही. युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी 2005 साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' सुरू झाले. एका हाताने काठी कशी धरायची, दातांनी दोरा कसा ओढायचा, हेही तिथे शिकवले जाते. मासा हे तिथे निमित्त असते. मात्र आपल्याकडे कर्करोगानंतर हाताला सूज असेल तर व्यायाम कोणता आणि किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

भारतातही हा खेळ आहे. इंग्रजांनी ट्राउट काश्मिरात आणि पुढे हिमाचलात आणून सोडला. तीर्थन आणि उहल या हिमाचलातल्या नद्यांवर परवाना काढून तो पकडता येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी माशांच्या विणीसाठी तिथे बंदी असते. म्हणजे जानेवारी हा खेळाडूंनी घरी बसून यादी करण्याचाच महिना! आपल्या सह्याद्रीचा मानाचा मासा म्हणजे महसीर. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून त्याची पैदास करून बीज नद्यांत सोडण्याचे काम केले आहे. महसीर मिळाला तर पाण्यात परत सोडावा, ही माझी वैयक्तिक विनंती.

कृष्णाकाठच्या आपल्या गळवाल्यांसाठीही दोन शब्द. बोटात घुसलेला गळ घेऊन वर्षाला पाच-सहाजण माझ्याकडे येतात, आणि त्यांतले तिघे तरी आधी घरी ओढून, मांस फाडून आलेले असतात. गळाला उलटा काटा असतो. तो सरळ ओढून निघत नाही. दोरी कापावी आणि दवाखाना गाठावा. धनुर्वाताची सुई घ्यावी लागेल. डोळ्यात गेला तर हातही लावू नये. वरून कागदाचा कप अलगद धरावा आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे. म्हणून गळ फेकताना चष्मा असू द्या, मग तो बिननंबरी का असेना. मधुमेहींनी खिशात साखर किंवा चिक्की ठेवावी. मासा लागेल या आशेवर जेवण चुकते आणि इन्सुलिन मात्र आपले काम करत राहते. हृदयरोग्याने जिभेखालची गोळी घरी कपाटात ठेवून काय उपयोग? आणि जे कधी नदीवर जात नाहीत पण ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी या थंडीत बधिर पाय शेकोटीला धरू नयेत, गरम पाण्याची पिशवी लावू नये. चटका बसलेला कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. रात्री निजताना दोन्ही तळवे आरशात पाहा, नाहीतर नातवाला पाहायला सांगा. बूट घालण्याआधी उलटा करून झटका. माझ्या मित्राचा खडा एका झटक्याने पडला असता.

यंदाची यादी गेल्या आठवड्यात आली. पाण्यात उतरण्याचा उल्लेख नाही. तळ्यावर सपाट बुडाची नाव, वहिनी वल्ही मारणार, तो बसून फेकणार. हिवाळ्याच्या महिन्यांत त्या राज्यात लहान नावेत तरंगणारे जाकीट अंगावर घालावेच लागते. ते दोघांसाठी नवे घेतले आहे. खांद्यासाठी रबरी पट्ट्याचा व्यायाम, एक दिवसाआड. 'रोज रात्री तळवे हिच्याकडून तपासून घेणे' ही ओळ सर्वांत वर आहे आणि तिच्याखाली दोन रेघा आहेत. शेजारच्या त्या वृद्ध गृहस्थांना आता नीट दिसत नाही. त्यांच्या माश्या वर्षभर हा बांधून देणार.

शेवटची ओळ माझ्यासाठी होती. 'डिसेंबरात कराडला येतोय. संगमावर घाटाच्या पायरीवर बसून तुला फेक शिकवणार. कणकेची गोळी आणू नकोस.' काठी तो तिकडून आणणार आहे. मी रोज सकाळी चहा झाला की अंगणात कपडे वाळत घालायची काठी घेऊन एक वाजल्यापासून दहा वाजेपर्यंत हात फिरवतो. काल कंपाउंडरने पाहिले. काही बोलला नाही, पण आज दोन रुग्णांनी विचारले, 'डॉक्टर, खांद्याला काय झाले?'